सात म्हाताऱ्यांचं पोट

"बुरुल असानोव्ना, रागावू नका, पण तुमच्या म्हाताऱ्यांमध्ये एकही पुरुष नाही."

बुरुलच्या हाताखाली संशोधन करणारी बेगायम दारातूनच बोलली. आत पाऊल टाकायची तिची छाती होत नव्हती. बुरुलने चष्मा कपाळावर सरकवला. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"म्हणजे काय?"

"सुसामीरचे सात जण. सातही बायका आहेत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एकेकाची दाढी छातीवर रुळायची. मी त्यांच्या शेजारी बसून जेवलेय."

"दाढ्या असतील हो. डब्यांत नाहीत." बेगायमने हातातला कागद उलटला. "आणि खरं म्हणजे सातही नाहीत. दोनच आहेत. एकच बाई चार डब्यांत, आणि दुसरी तीन डब्यांत."

बुरुल हसली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून हसली.

बुरुल असानोव्नाने उभा जन्म गू चिवडण्यात घालवला. हे असंच लिहायला पाहिजे, कारण तिच्या सत्काराला जमलेले लोक 'आतड्यांतली सूक्ष्म जीवसृष्टी' असं काहीतरी म्हणत आणि जेवायला बसताना तिच्यापासून दोन खुर्च्या लांब बसत. लेनिनग्राडला शिकून आली तेव्हा तिच्याकडे एक सूक्ष्मदर्शक आणि मोठी हौस होती. मग देशच मोडला. संस्थेतली ऊब बंद झाली, पगार बंद झाले, काचेच्या बशीतले जंतू थंडीने मेले. तीन हिवाळे तिने बिश्केकमधल्या दोर्दोयच्या बाजारात, दुकान म्हणून वापरायच्या लोखंडी कंटेनरसमोर उभं राहून चिनी मोजे विकले. गिऱ्हाईक नसताना हातमोज्यातली बोटं हलवत ती मनात जंतूंची नावं म्हणायची, विसरू नयेत म्हणून.

त्यानंतर परदेशातला पहिला पैसा आला. एक जर्मन प्राध्यापक आला. उंच, लाल नाकाचा, नको तितका सरळ माणूस. त्याला जाणून घ्यायचं होतं, की उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात राहून घोडीच्या आंबवलेल्या दुधावर, कुमिसवर जगणाऱ्या लोकांच्या पोटात कोणते जंतू असतात. तो म्हणाला, मीही वर येतो, एकेकाशी बोलतो. बुरुलने त्याला थांबवलं. "तुम्ही बिश्केकमध्येच राहा. तुम्ही बोलायला गेलात तर ते उठून जातील. माणसं माझी आहेत, मला त्यांची रीत कळते."

हे वाक्य तिने किती अभिमानाने म्हटलं होतं!

सुसामीरच्या दरीतले सात म्हातारे, सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या गुवाच्या डब्यांतून जे निघालं त्याने जर्मनाची झोप उडाली. सत्तरीच्या पोटात पंचविशीचे जंतू! म्हातारपणी आतड्यातले जे जंतू आटत जातात ते यांच्याकडे जोमात. शहरातल्या त्याच वयाच्या म्हाताऱ्यांशी ताडून पाहिलं, जमीनअस्मानाचा फरक. लेख छापून आला आणि बुरुलचं नाव झालं. परदेशची निमंत्रणं आली, पदक आलं, स्वतःची प्रयोगशाळा आली. वीज सारखी जायची त्या भयंकर हिवाळ्यात हे सात डबे वितळू नयेत म्हणून तिने शीतपेटीला घरची रजई गुंडाळली, जनरेटरच्या डिझेलसाठी आईची कानातली मोडली आणि पेटीला टेकून बसून राहिली. नवरा तिने लेनिनग्राडच्या आधीच सोडला होता. मूलबाळ नव्हतं. जे होतं ते त्या पेटीत होतं.

आणि आता त्याच डब्यांतून गोळी निघत होती. 'अताबुलाक' नावाची, म्हणजे वाडवडिलांचा झरा. एका कंपनीने ते जंतू वाढवले, वाळवले, गोळीत भरले. डबीवर पांढऱ्या दाढीचा म्हातारा, मागे बर्फाचा डोंगर, खाली बारीक अक्षरांत बुरुल असानोव्नाचं नाव. पंधरवड्याने मोठ्या समारंभात गोळी बाजारात यायची होती. छोट्या शहरांतल्या औषधांच्या दुकानांत ती आधीच पोचली होती. परदेशात हक्क नोंदवायचा तर जुने नमुने नव्या पद्धतीने वाचून द्या असं तिकडून सांगणं आलं, म्हणून बेगायमने पेटी उघडली. पूर्वी डब्यातले फक्त जंतू वाचत. आता जे आहे ते सगळं वाचतात, माणसाच्या आतड्यातून खरवडून आलेल्या पेशीसुद्धा. पुरुषाच्या पेशीत एक तुकडा असतोच असतो. तो सातांपैकी एकाही डब्यात नव्हता.

"परत कर," बुरुल म्हणाली. "दुसऱ्या रसायनाने कर. आणि कुणाजवळ बोलू नकोस."

बेगायमने परत केलं. सात म्हातारे, दोन बायका.

*

बुरुल सुसामीरला एकटी गेली. घाट चढून बोगद्यापलीकडे उतरली की वाऱ्याला घोड्यांचा वास येतो. रस्त्याच्या कडेला बायका कोलाच्या बाटल्यांत कुमिस भरून विकत बसल्या होत्या. सातांपैकी सगळ्यात थोरल्याच्या कुरणावर आता त्याच्या मुलाची बायको, सैराकान, राज्य करत होती. तंबूच्या वाटेवर कंपनीने फलक लावला होता, सातही म्हाताऱ्यांच्या तसबिरींचा.

सैराकान अंगाने दुप्पट झाली होती. पुढचे दोन दात सोन्याचे. बुरुल गाडीतून उतरताना ती सुनेवर ओरडत होती, "कुमिसची पखाल धुरवलीस की नुसतीच हुंगलीस गं? तुझ्या आईने हेच शिकवून पाठवलं का?" मग वळली आणि थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत तिने हात पसरले. "अगं बाई! बुरुल एजे! काय ही तब्येत, वाळून काठी झालात की! शहरात उपाशी ठेवतात का तुम्हाला?"

"पुरेसं मिळतं गं."

"कसलं पुरेसं! बसा. ए पोरी, वाडगा आण, तो फुटका नको, पाहुण्यांचा आण."

सून डोक्यावरचा रुमाल सावरत आली, खाली बघत कुमिस ओतला, पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर गेली. भाकरी आली, लोणी आलं. बुरुलने दोन घोट घेतले. आंबट, धुराचा, तोंडाला झिणझिण्या आणणारा. तिने वाडगा खाली ठेवला.

"सैराकान, एक विचारते. खरं सांग. ते डबे. तुझ्या सासऱ्यांचा, त्यांच्या भावांचा, शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्यांचा डबा. कुणी भरले?"

सैराकानने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिचं अंग गदगदायला लागलं. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंचवीस वर्षांनी विचारताय होय, एजे! मला वाटलं, तुम्हाला तेव्हाच वास आला असेल!"

"म्हणजे तू भरलेस."

"मी आणि शेजारच्या तंबूतली सून आयमान, दोघींनी. बिचारी आयमान, मॉस्कोत झाडू मारता मारता गेली. आम्ही दोघी ओढ्याकाठी गेलो. ती म्हणाली, चार तुझे, तीन माझे, मला काल मटण जरा जास्तच झालंय. इतक्या हसलो, इतक्या हसलो की मी ओढ्यातच पडले असते."

"तुम्हाला गंमत वाटली?"

सैराकानचं हसू एकदम विझलं. "गंमत? तुम्ही मला काय सांगितलं होतं आठवतं का? 'सूनबाई, हे डबे घे, अतांकडून, तुमच्या वडीलधाऱ्यांकडून, एवढं करून घे.' एवढं! आणि जीपमध्ये बसून पलीकडच्या दरीत गेलात. मी काय करायचं होतं? मोठ्या अतांसमोर जाऊन उभी राहू? आणि म्हणू, अता, यात हगा?"

सैराकानने दाराकडे बोट दाखवलं.

"त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने शिंकले नाही. त्यांच्याकडे पाठ करून या दारातून बाहेर पडले नाही. त्यांचं नाव अजून माझ्या तोंडून निघत नाही, त्यांची माती झाली तरी. आणि त्यांचा गू मी डब्यात घालून, वर त्यांचं नाव चिकटवून, परक्या डायवरच्या हातात द्यायचा?"

"मला येऊन सांगायचं होतंस. जमत नाही म्हणून."

"तुम्हाला? पांढऱ्या कोटातल्या बाईला? सासूबाई म्हणाल्या होत्या, डॉक्टरीणबाई सांगेल ते कर, घराची शोभा करू नकोस. तुम्हालाही नाही म्हणायचं नाही, त्यांनाही विचारायचं नाही. मग उरलं काय? माझं स्वतःचं होतं ते दिलं." तिने लोण्याची वाटी पुढे ढकलली. "आणि मला सांगा, तुम्ही काय परदेशी होतात का? तुम्हीसुद्धा कुणाची तरी सून होतातच ना?"

होती. नारीनकडच्या एका घरात दोन वर्षं होती. तिथला सासरा खोकला तरी ती उठून उभी राहायची. सैराकानला जे करायला सांगितलं ते बुरुलला स्वतःला कधीच करता आलं नसतं, आणि हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. सातही म्हाताऱ्यांशी ती बोलली होती की. घोड्यांबद्दल, झोपेबद्दल, दिवसाला किती वाडगे कुमिस पिता याबद्दल. त्यांनी तिला मानाने बसवलं होतं, ताटातला चांगला तुकडा दिला होता. मग डब्याची गोष्ट काढायची वेळ आली आणि या लेनिनग्राडच्या विदुषीची जीभ टाळ्याला चिकटली. पांढऱ्या दाढीसमोर हे बोलायचं कसं? म्हणून ती उठली, बाहेर आली, आणि चुलीपाशी जी पोर दिसली तिच्या हातात डबे कोंबले. आपल्याला ज्याची लाज वाटली ते आपल्याहून दुबळ्या बाईच्या गळ्यात बांधलं आणि त्याला संशोधन म्हटलं. तो लाल नाकाचा जर्मन वर आला असता तर त्याने सरळ विचारलं असतं. म्हातारे चिडले असते, घोड्यावर बसून निघून गेले असते. पण खोटा डबा त्याच्या हातात आला नसता.

"सैराकान, मला हे सांगावं लागेल," ती म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यांना. ती गोळी खोटी आहे. तुमच्या म्हाताऱ्यांच्या पोटात काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. पंचविशीच्या पोरींच्या पोटात पंचविशीचे जंतू असतात, एवढंच मी शोधून काढलं. त्यासाठी कुणी पदक देत नाही."

"असू दे की. कुणाचं काय बिघडलं?"

"लोक औषधं सोडतात गं. साखरेची, रक्तदाबाची. ही घेतली की बाकी नको असं दुकानदार सांगतो."

बाहेर सून पखाल घुसळत होती, तिचा आवाज एका लयीत येत होता. मग सैराकानने आवाज खाली आणला.

"एजे, सात म्हाताऱ्यांच्या तसबिरी वाटेवर लावल्यात. त्यांच्या सुना कोण, हे दरीतलं कुत्रंसुद्धा सांगेल. आयमान मेली. उरले मी. तुम्ही म्हणाल 'सुनांनी भरले', की झालं. सासऱ्याच्या नावावर आपला गू दिला ती हीच! माझ्या सुना माझ्यासमोर रुमालाआड हसतील. माझ्या मयताला आलेले लोकसुद्धा तेच सांगून हसतील. मुलगा कंपनीला दूध घालतो ते बंद होईल ते निराळंच."

"चूक तुझी नव्हती."

"हे तुम्ही मला सांगताय. त्यांना कोण सांगणार?" तिने भाकरी उचलून बुरुलच्या पुढ्यात ठेवली. "हात ठेवा हिच्यावर. माझं नाव येणार नाही. सुनांचं नाव येणार नाही. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

भाकरीवर हात ठेवून दिलेला शब्द मोडणारा माणूस त्या डोंगरांत अजून जन्माला यायचाय असं म्हणतात. खोटं आहे, पुष्कळ जन्मलेत आणि मंत्रीही झालेत. पण बुरुल त्यांतली नव्हती. तिने हात ठेवला.

*

संस्थेचा संचालक झमिरबेक ओरोझोविच हा गोड माणूस. एवढा गोड की त्याच्या खोलीतून बाहेर आल्यावर माणसाला आपले खिसे चाचपावेसे वाटत. बुरुलने सांगितलं ते त्याने मान डोलावत ऐकलं, वाटीतले जर्दाळू पुढे केले. बेगायमला त्याने आधीच बोलावून घेतलं होतं. ती भिंतीला लागून उभी होती.

"बुरुल असानोव्ना, तुम्ही आमच्या संस्थेची आई आहात," तो म्हणाला. "पण आई, आता पंचवीस वर्षांनी गुवाची जात काय विचारता?"

"जात नाही, धनी विचारतेय. म्हाताऱ्यांचा म्हणून विकताय, तो म्हाताऱ्यांचा नाही."

"यंत्राने सांगितलं?"

"दोनदा."

"यंत्रं चुकतात. बेगायम, चुकतं ना गं यंत्र?"

बेगायमने पायांकडे पाहिलं. तिची पदवी याच सात डब्यांवर व्हायची होती. परदेशी जायचं तिकीटही याच डब्यांतून निघायचं होतं. "कधीकधी चुकतं, झमिरबेक ओरोझोविच."

"बघा."

"बेगायम!" बुरुल म्हणाली. "दोन्ही वेळा सारखंच चुकलं का?"

बेगायमने झमिरबेककडे पाहिलं. बुरुलला तिचा राग आला नाही. खरं तर आला, पण त्या रागाला उभं राहायला जागा नव्हती. बाजारात मोजे विकणाऱ्या बाईला पोटासाठी खाली मान घालणं म्हणजे काय ते ठाऊक असतं.

"समजा यंत्र बरोबर आहे," झमिरबेकने जर्दाळूची बी वाटीत टाकली. "मग डबे बदलले कुणी? माणूस दाखवा. माणूस मिळाला तर चूक. नाहीतर अफवा. अफवेसाठी मी गोळी बंद करू? दरीतलं कुणी असेल तर इथे आणा, माझ्यासमोर बोलू दे. तुम्ही तिकडे जाऊन आलात असं कळलं मला."

"कुणी नाही."

"कुणीच नाही? डबे आपले आपणच भरले?" तो हसला. "समारंभाला तो तुमचा छान मखमली कोट घाला. दोन शब्द बोला आणि घरी जाऊन विश्रांती घ्या. तुम्ही दमलाहात."

पुढचे दिवस बुरुल त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिली, माणूस दाखवा. ज्या मासिकात लेख छापला होता त्यांना तिने कळवलं, नमुने भरवशाचे नाहीत. त्यांचं अदबीने उत्तर आलं: कारण काय, दोष कुठे शिरला, आपल्या संस्थेचा दुजोरा हवा. संस्था म्हणजे झमिरबेक. शास्त्राच्या दरबारातही साक्षीदाराशिवाय खटला उभा राहत नाही, आणि साक्षीदार भाकरीच्या पलीकडे बसली होती. डब्यांच्या त्या साखळीत सैराकान आणि मेलेली आयमान सोडून एकच माणूस होता, ज्याने ते हाताळले, चिठ्ठ्या लिहिल्या, पेटीत ठेवले.

*

समारंभाला मंत्री आला होता. कंपनीचे लोक आले होते, कॅमेरे आले होते. मंचामागे तोच पांढऱ्या दाढीचा म्हातारा दोन मजले उंच टांगला होता. आरोग्यमंत्र्याने पूर्वजांचं शहाणपण सांगितलं. झमिरबेकने बुरुलच्या त्यागाचं वर्णन केलं, रजईची गोष्ट सांगताना डोळेसुद्धा पुसले. मग त्याने तिचा हात धरून तिला ध्वनिक्षेपकापाशी आणलं.

"मी थोडंच बोलते," बुरुल म्हणाली. "ते सात डबे म्हाताऱ्यांचे नव्हते."

टाळ्या वाजवायला उचललेले हात काहींनी तसेच धरून ठेवले.

"ते तरुण बायकांचे होते. म्हणून जंतू तरुण निघाले. कुमिसचा त्यात काही संबंध मी दाखवू शकत नाही. ही गोळी कशावर चालते ते मला माहीत नाही, आणि ज्यांनी ती केली त्यांनाही माहीत नाही. तुमची औषधं सोडू नका."

झमिरबेक पुढे सरकला. "बुरुल असानोव्नांची प्रकृती..."

"प्रकृती चांगली आहे."

पहिल्या रांगेतल्या एका बातमीदार पोराने ओरडून विचारलं, "मग डबे कुणी बदलले?"

आला प्रश्न. तिने त्याची तयारी केली होती.

"मी," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांना विचारायची मला लाज वाटली. मी त्यांना विचारलंच नाही. दुसरीकडचं भरलं आणि वर त्यांची नावं लिहिली. बाकी कुणाला काही माहीत नव्हतं."

एवढ्या बोलण्यात डबे स्वतःच भरल्याचं तेवढं खोटं होतं, आणि तेवढंच लोकांना पटलं. सभागृहात जो गोंधळ उठला त्यात औषधं सोडू नका हे कुणाच्या कानावर टिकलं नाही. 'लबाड' हा शब्द मागून आला, मग बाजूने आला. कुणीतरी म्हणालं, पदक परत घ्या. झमिरबेकचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. पडता पडता मांजर पायांवर येतं तसा तो ध्वनिक्षेपकापाशी आला.

"मित्रांनो, एका व्यक्तीने आपल्याला फसवलं. मला आज फार दुःख होतंय. पण आपल्या वाडवडिलांचं ज्ञान एका व्यक्तीच्या लबाडीने खोटं ठरत नाही. कुमिस आपल्या रक्तात आहे. यांच्या डब्यांची आपल्याला गरजच काय होती?"

आता मात्र टाळ्या कडाडून पडल्या.

महिन्याभरात डबीवरून बुरुलचं नाव गेलं. त्या जागी म्हाताऱ्याची दाढी थोडी लांबवली. गोळी तीच, जंतू तेच, सैराकानच्या आणि आयमानच्या पोटातले. मासिकाने लेख रद्द केला आणि कारणात लिहिलं, लेखिकेने केलेली बनवाबनवी. जर्मन प्राध्यापक म्हातारा झाला होता, त्याने फक्त एक ओळ पाठवली: तू असं करशील असं वाटलं नव्हतं. बुरुलने तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही वेळा पुसलं. त्याला खरं सांगितलं तर तो दुरुस्ती मागणार, दुरुस्तीला नाव लागणार.

बेगायमला प्रयोगशाळा मिळाली. किल्ली घ्यायला ती स्वतः आली, रडली, म्हणाली, "मी तुमच्यासारखी होऊ शकत नाही, बुरुल असानोव्ना."

"होऊ नकोस," बुरुल म्हणाली. "पेटीचं रबर ढिलं झालंय, ते बदलून घे."

टीव्हीवाले सुसामीरलाही गेले. सातांच्या तसबिरींच्या फलकाखाली सैराकानला उभं केलं. तिने नवा रुमाल बांधला होता, मुलगा शेजारी होता. बुरुल स्वयंपाकघरात बसून बघत होती. सैराकान प्रश्नाला थोडी अडखळली. तिने मुलाकडे पाहिलं. मग भरभर बोलली.

"आम्ही त्या बाईला भाकरी दिली, मानाने बसवलं. तिने आमच्या मोठ्या माणसांच्या नावावर घाण केली. आमचे अता देवमाणसं होते. असल्या बायकांना डोंगरात पाऊल ठेवू देऊ नये."

बुरुलने उठून आवाज बंद केला. हे सैराकान मनापासून बोलली की मुलगा शेजारी होता म्हणून, ते तिला कळलं नाही. कळून उपयोगही नव्हता. तिने त्या बाईचं तोंड वाचवलं होतं. वाचलेल्या तोंडाने काय बोलावं, हे तिच्या हातात नव्हतं.

*

हिवाळ्याच्या तोंडाला बुरुल सरकारी दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेली. बाकावर तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. पाय सुजलेले, अंगठ्याला फडकं बांधलेलं. त्या फडक्याखालून काळं पडलेलं बोट दिसत होतं. म्हातारीने पिशवीतून 'अताबुलाक'ची डबी काढली.

"आपा, तुम्हाला साखर आहे ना?" बुरुलने विचारलं.

"आहे की. वीस वर्षं झाली."

"साखरेची गोळी घेता?"

"घ्यायचे. आता ही घेते. दुकानातला पोरगा म्हणाला, दोन्ही एकत्र नकोत, पोटातले जंतू मरतात. आणि निवृत्तिवेतनात दोन्ही बसतही नाहीत, पोरी."

"ही घेऊ नका, आपा. हिच्यात काही नाही. साखरेची गोळी आजच सुरू करा, आणि तो अंगठा आत गेल्यावर आधी दाखवा. ऐका माझं. मी आयुष्यभर हेच काम केलंय, ही गोळी माझ्याच..."

म्हातारीने मान वळवून तिला नीट न्याहाळलं. डोळे बारीक केले.

"थांब थांब. तू ती नाहीस का? टीव्हीवरची? म्हाताऱ्यांचे डबे बदललेस ती?"

पलीकडच्या बाकावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले.

"मीच ती," बुरुल म्हणाली. "पण हे खरं सांगतेय."

"तेव्हाही खरंच सांगितलं असशील पहिल्यांदा," म्हातारी म्हणाली. "तू लबाड आहेस हे तुझ्याच तोंडाने साऱ्या मुलखाला सांगितलंस ना? मग मी आता तुझं कशाला ऐकू?"

आणि तिने गोळी जिभेवर ठेवली, बाटलीतलं पाणी प्याली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर पलीकडच्या टोकाला सरकून बसली.